निसर्ग-इतिहास संग्रहालयातून संवर्धन धोरणाचं काम कसं करावं: सोलापूरकरांसाठी सविस्तर वाट

सोलापुरात प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र शिकलेल्या मुलामुलींना संग्रहालयातली नोकरी म्हटलं की काचेची कपाटं, फॉर्मलिनच्या बरण्या आणि शाळांच्या सहली आठवतात. यातलं काही खोटं नाही. पण त्याच कपाटांच्या जोरावर कायदे बदलले आहेत, औषधांवर बंदी आली आहे आणि अभयारण्यं झाली आहेत. त्या कामाला इंग्रजीत ॲडव्होकसी म्हणतात. आपण धोरणाचा पाठपुरावा म्हणू. आपल्याकडे हे पद जाहिरातीत क्वचितच दिसतं. काम मात्र भरपूर पडलेलं आहे, आणि माळढोक पक्ष्याचं अभयारण्य असलेला नान्नजचा माळ ज्या जिल्ह्यात आहे तिथे तर आहेच आहे.

संग्रहालयच का?

ब्रिटनमध्ये बहिरी ससाण्यांची संख्या झपाट्याने घटली, तेव्हा कारण कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहालयांतली आणि हौशी संग्राहकांकडची जुनी अंडी काढली आणि त्यांच्या कवचाची वजनं तपासली. १९४७ च्या आसपासपासून कवच पातळ होत गेल्याचं दिसलं. डीडीटी या कीटकनाशकाचा सर्रास वापर सुरू झाला तो हाच काळ. हा निबंध १९६७ साली आला. पुढे अमेरिकेतही असाच पुरावा मिळाला आणि १९७२ मध्ये तिथे डीडीटीच्या बहुतेक वापरांवर बंदी आली. अंडी गोळा करणाऱ्यांच्या डोक्यात कीटकनाशक नव्हतंच. त्यांनी फक्त तारीख आणि ठिकाण लिहून ठेवलं होतं.

आपल्याकडचं उदाहरण गिधाडांचं. १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आधी संग्रह करणारी आणि मग संवर्धन करणारी संस्था. राजस्थानातल्या केवलादेव उद्यानात गिधाडं कमी होत असल्याची नोंद तिच्या शास्त्रज्ञांनी केली. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या संशोधनातून मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांना मारणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं कारण पक्कं झालं आणि २००६ मध्ये भारताने गुरांसाठी त्याचा वापर थांबवला. काम तिथे संपलं नाही. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये बाटलीचा आकार ३ मिलीपर्यंत मर्यादित झाला. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक या तशाच औषधांवरही गुरांसाठी बंदी आली. एका औषधाच्या मागे इतकी वर्षं लागली. या क्षेत्रात येणाऱ्याने ही गती आधीच मनाशी धरावी. सहा महिन्यांत निकाल हवा असेल तर दुसरं काम बघावं.

शिकागोच्या फील्ड म्युझियमची पद्धत याच्या उलट, वेगाची आहे. त्यांचं पथक दुर्गम भागात काही आठवडे राहतं, जीव आणि माणसं या दोहोंची झटपट पाहणी करतं आणि निष्कर्ष लगेच सरकारपुढे ठेवतं. पेरूतलं कॉर्डिलेरा अझूल राष्ट्रीय उद्यान २००१ साली जाहीर झालं ते अशाच पाहणीच्या पाठोपाठ. म्हणजे संग्रहालयाकडे दोन भांडवलं असतात. एक म्हणजे जुना, तारीखवार पुरावा. दुसरं म्हणजे तो तपासून सांगू शकणारी माणसं. मोर्चा काढायला इतर संघटना आहेत. संग्रहालयाच्या कागदाला वजन येतं ते त्याच्याकडे असलेल्या नोंदीमुळे.

पायरी १: चिठ्ठी वाचायला शिका

पक्ष्याचा अभ्यासनमुना दिवाणखान्यातल्या पेंढा भरलेल्या पक्ष्यासारखा ऐटीत उभा नसतो. तो खणात उताणा पडलेला असतो. डोळ्यांच्या जागी कापूस, पंख मिटलेले, आणि पायाला दोऱ्याने बांधलेली छोटी चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव, ठिकाण, तारीख, नर की मादी आणि कुणी गोळा केला एवढं असतं. कधी कधी मागच्या बाजूला पेन्सिलीने ‘ज्वारीच्या रानात’ असं काहीतरी. तुमच्या कामाचा खरा माल ती चिठ्ठी आहे. चिठ्ठी हरवलेला नमुना कितीही देखणा असला तरी धोरणासाठी बिनकामाचा.

सोलापूरच्या जुन्या नोंदी शोधताना तीन गोष्टी सांभाळा. पहिली, इंग्रजीत ‘एस’पुढे ‘एच’ असलेलं जुनं स्पेलिंगही टाकून शोधा, नाहीतर स्वातंत्र्यापूर्वीचा बराच भाग हाती लागणार नाही. दुसरी, जुन्या सीमा. अक्कलकोट तेव्हा संस्थान होतं, आणि तुळजापूर-नळदुर्ग निजामाच्या हैदराबाद राज्यात. आज तासाभराच्या अंतरावर असलेली ठिकाणं कॅटलॉगमध्ये तीन राज्यकारभारांखाली विखुरलेली सापडतील. तिसरी, चिठ्ठीवर नुसतं ‘सोलापूर’ असेल तर ते शहर की जिल्हा, हे ठरवल्याशिवाय नकाशावर टिंब देऊ नका. संग्राहकाची डायरी किंवा त्याच आठवड्यातले त्याचे इतर नमुने पाहिले की बऱ्याचदा उलगडा होतो.

आणखी एक सावधगिरी, कारण सरकारी वकील नेमका इथेच धरतो. नमुना ‘होता’ एवढंच सांगतो. नमुना नाही म्हणजे प्राणी नव्हता, असं होत नाही. १९३० च्या आधीचा लांडग्याचा नमुना एखाद्या तालुक्यातून नसेल, तर कदाचित तिथे गोळा करणारा गेलाच नसेल.

सरावासाठी मुंबई-पुणे गाठायलाच हवं असं नाही. सोलापुरातल्या जुन्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र विभागांत बरण्या, सांगाडे, वाळवलेल्या वनस्पतींचे कागद पडून असतात. विभागप्रमुखांची परवानगी घेऊन त्यांची यादी करा. काय आहे, कुठलं आहे, कधीचं आहे. नमुने ओळखण्याची अडचण आली तर पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षण आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षण या दोन्हींची पश्चिम विभागीय केंद्रं आहेत. संग्रह वाढवण्याच्या उत्साहात रस्त्यावर मेलेला वन्यप्राणी उचलून मात्र आणू नका. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या कलम ३९ प्रमाणे तो शासनाची मालमत्ता असतो. आधी वनविभागाला कळवायचं, पुढचं त्यांच्या लेखी परवानगीने.

पायरी २: कुठला दरवाजा, ते आधी ठरवा

नवशिक्यांची बहुतेक निवेदनं चुकीच्या टेबलावर जातात आणि तिथेच थांबतात. माळरान वाचवा म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना पत्र, प्रत मुख्यमंत्र्यांना, प्रत पंतप्रधानांना. पंतप्रधान कार्यालयातून ते पत्र फिरत फिरत पुन्हा सोलापूरलाच येतं. त्याऐवजी एकच प्रश्न आधी सोडवा: ही जमीन सातबाऱ्यावर कुणाची आहे?

जमीन अभयारण्यात असेल तर वन्यजीव अधिनियमाची कलमं लागतात, आणि प्रकल्प असेल तर विषय राज्य व राष्ट्रीय वन्यजीव मंडळापर्यंत जातो. वनजमीन असेल पण अभयारण्य नसेल, तर १९८० चा वन कायदा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याचं नाव वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम झालं आहे. असे प्रस्ताव केंद्राच्या परिवेश या मंजुऱ्यांच्या पोर्टलवर दिसतात, ते नियमित बघायची सवय लावा. गायरान असेल तर मालकी शासनाची, वापराचा हक्क गावाचा. निर्णय महसूल खात्याचा, म्हणून तलाठी, तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी अशी शिडी, आणि शेजारी ग्रामपंचायतीचा ठराव. खासगी माळ असेल तर मालकाच्या संमतीशिवाय एक पाऊलही पुढे जात नाही.

वनविभागातही प्रादेशिक आणि वन्यजीव अशा दोन वेगळ्या शाखा आहेत. अभयारण्याबाहेरच्या काळविटांचा प्रश्न वन्यजीव शाखेकडे नेलात तर ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असं उत्तर मिळेल, आणि ते खरंच असेल.

पर्यावरणीय जनसुनावणीवर फार भिस्त ठेवू नका, हेही आताच सांगतो. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे ज्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते, तिथे किमान ३० दिवस आधी सूचना निघते, प्रदूषण नियंत्रण मंडळ ती भरवतं आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांचे अतिरिक्त दर्जाचे अधिकारी अध्यक्ष असतात. तिथे मराठीत लेखी हरकत देता येते आणि ती इतिवृत्तात यायलाच हवी. पण सौरऊर्जा आणि पवनऊर्जा प्रकल्प या अधिसूचनेतून वगळलेले आहेत, आणि सोलापूरच्या माळावर आज सर्वांत जास्त डोळा आहे तो सौरपॅनेलवाल्यांचा. म्हणजे ज्या दरवाज्यावर सगळे थाप मारतात तो इथे नाहीच. इथे जमिनीच्या वापराचा दरवाजा शोधावा लागतो.

संरक्षणाच्या मार्गांची ही छोटी ओळख. अभयारण्याच्या पलीकडेही बरंच काही आहे आणि सोलापूरला तेच जास्त उपयोगी.

संवर्धन राखीव, वन्यजीव अधिनियमाचं कलम ३६-अ. शासकीय जमिनीवर, स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून.

सामुदायिक राखीव, त्याच अधिनियमाचं कलम ३६-क. खासगी किंवा सामूहिक जमिनीवर, लोकांनी स्वतःहून पुढे येऊन.

जैवविविधता वारसा स्थळ, २००२ च्या जैविक विविधता अधिनियमाचं कलम ३७. यासाठी दार नागपूरच्या महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचं.

तिसऱ्याचं उत्तम उदाहरण आंबोलीचं. हिरण्यकेशीच्या उगमाजवळ, देवळाच्या परिसरातल्या पाण्यात एक छोटा मासा सापडला. २०२० मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशी या नावाने त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. वर्गीकरणाच्या किचकट कामातून थेट शासन निर्णय, तोही वर्षभरात. जागा लहान, मागणी नेमकी आणि देवस्थानामुळे ती आधीपासून जपलेली, हे तिन्ही जुळून आलं होतं असं मला वाटतं.

जुनी पुस्तकं वापरत असाल तर एक लक्षात ठेवा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२३ पासून, वन्यजीव अधिनियमाच्या सहा अनुसूचींच्या, म्हणजे कायद्याला जोडलेल्या प्राणी-वनस्पतींच्या याद्यांच्या, चार झाल्या. जुन्या अनुसूचीचा क्रमांक लिहिलेलं निवेदन वाचणाऱ्याला लगेच कळतं की या माणसाने कायदा उघडून पाहिलेला नाही.

पायरी ३: नान्नजचा इतिहास पाठ करा

बार्शी रस्त्यावर विसेक किलोमीटरवरचं नान्नज म्हणजे या विषयाची शाळाच. माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं तेव्हा कागदावरचं क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातली गावं, शेतं, रस्ते, सगळं त्यात. इतक्या मोठ्या रेघेच्या आत विहीर, रस्ता, जमिनीचा व्यवहार, प्रत्येक गोष्ट अडली. लोकांचा राग खात्यावर आणि खात्याचा पक्ष्यावर निघाला. अखेर फेरआखणी होऊन क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं.

दरम्यान पक्षी गेलाच. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून राखलेल्या गवताच्या प्लॉटांवर एकेकाळी माळढोक हमखास दिसायचा. आता एखादा दिसला तरी बातमी होते. देशभरातच तो अतिसंकटग्रस्त आहे. विजेच्या तारांना धडकून मरणाऱ्या माळढोकांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. १९ एप्रिल २०२१ च्या आदेशात राजस्थान-गुजरातमधल्या तारा जमिनीखालून नेण्यास सांगितलं गेलं. २१ मार्च २०२४ ला तो आदेश सौम्य करून विषय तज्ज्ञ समितीकडे सोपवला गेला. पक्षी आणि हरितऊर्जा समोरासमोर आले की न्यायालयही सहज बाजू घेऊ शकत नाही, हे त्यातून दिसतं.

माझं मत स्पष्ट आहे. सोलापुरात आता माळढोकच्या नावाने नवीन मागणी करणं म्हणजे लोकांच्या जुन्या जखमेवर बोट ठेवणं. जे अजून आहे त्याच्यासाठी बोला: काळवीट, लांडगा, खोकड, धाविक आणि पखुर्डी हे माळावरचे पक्षी, हिवाळ्यात येणारे भोवत्ये हे शिकारी पक्षी आणि या सगळ्यांना पोसणारं गवत. काळवीट आणि लांडगा पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याचं बळही कमी नाही.

पायरी ४: एकच मागणी, तीही मोजता येईल अशी

उदाहरणासाठी एक काल्पनिक गायरान घेऊ. उत्तर सोलापूर तालुक्यातलं गाव, साठेक एकर गायरान, कुसळी आणि पवन्या गवत, मधे खडक. दोन प्रस्ताव आहेत: अर्ध्या भागावर वृक्षलागवडीचे खड्डे, अर्ध्यावर सौरप्रकल्प.

‘जैवविविधतेचं रक्षण करावं’ ही मागणी नाही, ती शुभेच्छा झाली. मागणी अशी हवी: ‘सदर गटात वृक्षलागवड न करता गवत विकासाची कामं घ्यावीत, आणि सौरप्रकल्पासाठी त्याच गावातील खडकाळ, गवत नसलेला अमुक गट विचारात घ्यावा.’ ही मान्य झाली की नाही, ते वर्षभराने तपासता येतं.

पर्याय दिलाच पाहिजे, यावर मी अडून बसेन. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतकऱ्याला दिवसा वीज मिळते. रात्री दोनला मोटार चालू करायला शेतात जाणाऱ्या माणसासमोर तुम्ही सौरप्रकल्पाला नुसता विरोध केलात, तर तो तुमचं पुढचं वाक्य ऐकणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल.

झाडांचं प्रकरण तर आणखी नाजूक. २०१९ मध्ये राज्यात ३३ कोटी वृक्षलागवडीचं उद्दिष्ट होतं. झाड लावणं हे पुण्यकर्म असल्याने त्याच्या विरोधात बोलणारा खलनायक ठरतो. त्यात उपग्रहाच्या आधारे होणाऱ्या देशपातळीवरच्या पडीक जमिनींच्या नकाशांत झुडपी आणि गवताळ जमिनींचे मोठे पट्टे ‘पडीक’ या सदरात जातात. एकदा सरकारी रकान्यात पडीक लागलं की तिथे काहीही करणं म्हणजे विकास. म्हणून तुमच्या टिपणात ‘इथे झाडं नकोत’ असं लिहू नका. ‘इथे चारा आहे’ असं लिहा. या माळावर भाद्रपदात किती मेंढ्या चरतात, किती कुटुंबं गवत कापून नेतात, हे मोजून द्या. संग्रहालयातल्या जुन्या नोंदीतून हा माळ शंभर वर्षांपूर्वीही माळच होता हे दाखवता आलं, तर ‘इथलं जंगल तुटलं म्हणून आम्ही लावतोय’ हा मुद्दा आपोआप पडतो. माळरानावरच्या पक्ष्यांच्या आणि गवतांच्या जुन्या चिठ्ठ्या इथे सोन्याच्या मोलाच्या.

पायरी ५: दोन पानी टिपण

अधिकाऱ्यासमोर चाळीस पानी अहवाल ठेवला तर तो कपाटात जातो. दोन पानांचं टिपण फाइलीला लागतं. मराठीत लिहा, सरकारी मराठीत. कारकुनाला ते उचलून स्वतःच्या टिपणीत तसंच उतरवता आलं पाहिजे, अशा भाषेत.

सुरुवात साधारण अशी:

‘विषय: मौजे अमुक, ता. उत्तर सोलापूर येथील गायरान गट क्र. अमुक मधील प्रस्तावित वृक्षलागवडीऐवजी गवत विकास कामे घेणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये, सदर गटामध्ये अनुसूची १ मधील काळवीट या वन्यप्राण्याचा नियमित वावर असून त्याबाबतच्या दिनांकनिहाय नोंदी सोबत परिशिष्ट अ मध्ये जोडल्या आहेत. सदर गट हा ग्रामस्थांचा चराईचा भाग असून…’

पहिल्या परिच्छेदात मागणी, दुसऱ्यात पुरावा, तिसऱ्यात कायदा, चौथ्यात पर्याय. पुराव्यात संग्रहालयाचा नमुना क्रमांक द्या. तो क्रमांक कुणीही येऊन तपासू शकतं, आणि तुमच्या टिपणात आणि कुणाच्याही तक्रारअर्जात फरक पडतो तो इथेच. सोबत नकाशा जोडा, पण गुगलचा स्क्रीनशॉट नको. गटनकाशावर खुणा करून द्या. घरट्यांच्या आणि लांडग्यांच्या गुहांच्या नेमक्या जागा मात्र जोडू नका. हे कागद पुढे माहिती अधिकारात कुणाच्याही हाती जातात.

‘अत्यंत दुर्मिळ’, ‘शेवटचा’, ‘एकमेव’ हे शब्द गाळा. एखादा वनरक्षक सहज म्हणेल, ‘साहेब, तो तर आमच्या तिकडंबी हाय’, आणि मग बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

पायरी ६: कचेरीच्या आधी गाव

टिपण पाठवण्याआधी गावात जा. सरपंचाकडे नंतर, आधी मेंढपाळांकडे. सांगोला, माळशिरस, मोहोळच्या माळांवर फिरणाऱ्या धनगर बांधवांना गवताची आणि लांडग्याची जी जाण आहे, ती तुमच्या कॅटलॉगमध्ये नाही. तिथे ‘लांडगा वाचवा’ असं बोलत शिरू नका. ज्याचं कोकरू काल गेलं आहे, त्याला आधी नुकसानभरपाईचा अर्ज भरायला मदत करा. वनविभागाला लगेच वर्दी, पंचनामा, फोटो, बँक पासबुकाची प्रत. हे एक काम नीट केलं की पुढच्या खेपेला चहा मिळतो आणि माहितीही मिळते.

मग ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती. कायद्याने ती प्रत्येक स्थानिक संस्थेत असायला हवी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या जीवांची लोकांच्या माहितीवरून केलेली नोंद, ठेवायला हवी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत आणि राज्यांना दरमहा १० लाखांच्या दंडाचा इशारा दिल्यावर देशभर या नोंदवह्या घाईने भरल्या गेल्या. त्यामुळे गावाची नोंदवही मागून बघा आणि शेजारच्या गावाशी ताडून पाहा. दोन्हीकडे शब्द न् शब्द सारखी यादी असेल तर तीच तुमची संधी. संग्रहालयाने नोंदवही दुरुस्त करून देण्याचा प्रस्ताव ठेवा. ग्रामसभेत ती मंजूर करून घ्या. इतिवृत्ताची सही-शिक्क्याची प्रत तुमच्या टिपणाला परिशिष्ट ब म्हणून लागली की मागणी एकट्या संग्रहालयाची राहत नाही, गावाची होते.

पायरी ७: पोच, पाठपुरावा, माहिती अधिकार

आवक शाखेत टिपण दिलं की दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. आवक क्रमांक वहीत लिहा. पंधरा दिवसांनी फाइल कुठल्या टेबलावर आहे ते विचारायला जा, आणि जाताना पुन्हा एक प्रत हातात असू द्या. पहिली बहुधा ‘सापडत नाही’.

प्रतिसाद नसेल तर माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह, एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस. त्यानंतर ३० दिवसांत पहिलं अपील, मग ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. ‘माळरान का नष्ट केलं’ असा प्रश्न विचारू नका, ‘का’ला माहिती अधिकारात उत्तर नाही. ‘अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीच्या साक्षांकित प्रती’ मागा. एक व्यावहारिक सल्ला: ज्या अधिकाऱ्याशी रोज काम पडतं, त्याच्यावर पहिल्याच महिन्यात हे अस्त्र टाकू नका. आधी दोनदा तोंडी विचारा.

जिल्ह्याच्या मानद वन्यजीव रक्षकांशी ओळख ठेवा. अभयारण्याला वन्यजीव अधिनियमाच्या कलम ३३-ब प्रमाणे सल्लागार समिती असते. त्यात आमदार, पंचायत राज संस्थांचे प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्था आणि वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या व्यक्ती असतात. संग्रहालयाच्या माणसाने त्या खुर्चीसाठी रीतसर प्रयत्न करावा, यात लाजण्यासारखं काही नाही.

पायरी ८: विधिमंडळ आणि हरकती

आमदारांकडे भाषण नको, प्रश्न घेऊन जा. तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, अधिवेशनाच्या बराच आधी द्यावा लागतो, म्हणून डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनासाठी दिवाळीनंतर पळापळ करून उपयोग नाही, गणपतीतच कामाला लागा. टाइप केलेला, तीन उपप्रश्नांचा मसुदा हातात दिलात तर स्वीय सहायक तुम्हाला देव मानतो. तातडीचा विषय असेल तर विधानसभा नियम १०५ खालची लक्षवेधी सूचना. सभागृहात मंत्र्यांनी ‘तपासून घेऊ’ म्हटलं तर त्याची तारीख टिपून ठेवा. आश्वासनांचा हिशेब ठेवणारी आश्वासन समिती असते, आणि तिच्याकडे फार कमी लोक जातात.

दुसरीकडे राजपत्रावर नजर ठेवा. पर्यावरण (संरक्षण) नियमांखाली निघणाऱ्या प्रारूप अधिसूचनांवर साधारणपणे ६० दिवस हरकती-सूचना घेतल्या जातात. या साठ दिवसांत दिलेलं एक पान साठाव्या दिवसानंतरच्या शंभर पानांपेक्षा जास्त कामाचं. कलमाचा क्रमांक, सध्याचा शब्द, सुचवलेला शब्द, कारण. चार रकान्यांचा तक्ता करा, बाकी सजावट नको.

स्थानिक वर्तमानपत्रांचं थोडक्यात. बातमी कधी द्यायची हे ठरवताना, ती छापून आल्यावर अधिकाऱ्याला निर्णय घेणं सोपं जाईल की अवघड, एवढंच बघा. अवघड जाणार असेल तर थांबा.

कुंपण कुठे आहे

संग्रहालय सरकारी असेल तर तुम्हाला सेवा-वर्तणूक नियम लागतात. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १९६४ चे आहेत. शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करता येत नाही, पण मागितलेलं शास्त्रीय मत लेखी देता येतं. म्हणून कुणीतरी ते मागावं, अशी सोय करायची. ट्रस्ट असेल तर सार्वजनिक न्यास अधिनियमाखालची घटना काढून उद्देशांत संवर्धन आहे का पाहा, नसेल तर विश्वस्तांचा ठराव घ्या. परदेशी देणगी असेल तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या अटी, त्यातही २०२० च्या दुरुस्तीने आणलेली प्रशासकीय खर्चाची २० टक्क्यांची मर्यादा. पक्षाच्या व्यासपीठावर जायचं नाही, प्रचाराच्या काळात कुणासोबत फोटो नाही. आणि ज्या कंपनीच्या प्रकल्पावर तुम्ही मत देणार आहात, तिचा सामाजिक दायित्वाचा (सीएसआर) निधी दालनाच्या नूतनीकरणाला घेतला असेल, तर टिपणाच्या पहिल्याच ओळीत ते लिहा किंवा मत देऊ नका. याला मधला मार्ग नाही.

नोकरीचं काय?

जाहिरातीत पद असेल अभिरक्षक, शिक्षण अधिकारी, प्रकल्प सहायक किंवा संशोधन सहयोगी. धोरणाचं काम त्यातच वाढवत न्यायचं असतं. पाया प्राणिशास्त्राचा किंवा वनस्पतिशास्त्राचा असावा. वर्गीकरण येत नसलेल्या माणसाचा संग्रहालयात निभाव लागत नाही. त्यावर वन्यजीवशास्त्रासाठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, संग्रहालयशास्त्रासाठी बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ हे मार्ग आहेत. एलएलबी केलेल्यांनाही वाव आहे, फक्त त्यांनी दोन पावसाळे माळावर काढावेत.

सोलापुरातच राहून सुरुवात करायची असेल तर महाविद्यालयातल्या संग्रहाची यादी, एका गावाची दुरुस्त केलेली नोंदवही आणि एका गायरानावरचं दोन पानी टिपण, एवढं वर्षभरात होतं. मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रांच्या फाइलीत सर्वांत वर त्या टिपणाची आवक शिक्का असलेली प्रत ठेवा, आणि तिच्यावर पुढे काय झालं हे विचारल्यावर सांगता येईल इतपत त्या फाइलीचा माग ठेवलेला असू द्या.